गरोदरपणातली हवा आणि बाळाची वाढ: काय थांबवायचं, काय मोजायचं, काय गाळायचं

गरोदरपण पुढे सरकतं तसा श्वास खोल होत जातो. शेवटच्या महिन्यांत बाईच्या फुप्फुसांतून दर मिनिटाला एरवीपेक्षा ४० ते ५० टक्के जास्त हवा ये-जा करते. दोघांचा प्राणवायू एकीलाच ओढायचा असतो, त्यामुळे ही शरीराची गरजच आहे. पण हवेत जे काही मिसळलेलं असेल तेही त्याच हिशेबाने जास्त आत जातं. घरातल्या बाकीच्यांना जी हवा ‘चालते’, ती तिलाही चालेल असं धरून चालता येत नाही.

आधी प्रदूषण बाळापर्यंत कसं पोचतं आणि त्याने नेमकं किती बिघडतं ते बघू, मग काय करायचं ते क्रमाने. ज्याने सर्वांत जास्त फरक पडतो ते आधी, असा हा क्रम आहे. बऱ्याच घरांत नेमकं उलटं होतं: महागडं यंत्र आधी येतं, आणि त्याच्या शेजारी बसून कुणीतरी सिगारेट ओढत असतं.

धूर बाळापर्यंत पोचतो कसा

प्रदूषणाचा सगळ्यात त्रासदायक भाग डोळ्यांना दिसत नाही. पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. असे कण नाक आणि घसा चुकवून थेट फुप्फुसांच्या तळाशी, वायुकोशांत पोचतात. त्यातले सर्वांत बारीक कण तिथून रक्तात उतरतात.

वार (प्लासेंटा, आईच्या रक्तातून बाळाला पोषण आणि प्राणवायू पोचवणारा अवयव) म्हणजे पक्की भिंत, आईच्या रक्तातलं नको ते तिथेच अडतं, असा समज बराच काळ होता. २०१९ मध्ये बेल्जियममधल्या हॅसेल्ट विद्यापीठाच्या संशोधकांना वारेच्या बाळाकडच्या बाजूला काजळीचे कण आढळले. २०२२ मध्ये स्कॉटलंडच्या ॲबर्डीन विद्यापीठाबरोबर केलेल्या अभ्यासात गर्भाच्या यकृतात, फुप्फुसांत आणि मेंदूतही असे कण सापडले.

कण बाळापर्यंत न पोचताही नुकसान होऊ शकतं. आईच्या फुप्फुसांत कण गेले की शरीरभर सौम्य दाह सुरू होतो. गरोदरपणाच्या सुरुवातीला गर्भाशयातल्या रक्तवाहिन्या रुंदावून वारेला भरपूर रक्त मिळावं, अशी रचना तयार होत असते. दाहामुळे त्यात अडथळा येऊ शकतो. मग बाळाला रक्त कमी, म्हणून प्राणवायू आणि पोषणही कमी. आईचा रक्तदाब वाढण्याशीही प्रदूषणाचा संबंध दिसून आला आहे. शिवाय जनुकांवर ज्या रासायनिक खुणा असतात, कोणतं जनुक कधी चालू आणि कधी बंद हे ठरवणाऱ्या, त्यांतही फरक नोंदवले गेले आहेत.

कार्बन मोनॉक्साइडची तऱ्हा वेगळी. हा वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून जास्त जोराने चिकटतो. गर्भाच्या रक्तात तो आईच्या रक्तापेक्षा जास्त साठतो आणि बाहेर पडायला वेळही जास्त घेतो. आईला बरं वाटू लागलं तरी बाळ अजून अडचणीत असू शकतं.

बिघाड किती, हे सरळ आकड्यांत

भक्कम पुरावा दोन गोष्टींबद्दल आहे: जन्माच्या वेळी वजन २.५ किलोपेक्षा कमी भरणं आणि ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी प्रसूती होणं. पुढे श्वसनाचे विकार, मेंदूची वाढ, संसर्गाशी झुंजण्याची ताकद हे बरंचसं या दोन गोष्टींतूनही येतं. ‘स्टेट ऑफ ग्लोबल एअर’ या अहवालाच्या २०२० च्या आवृत्तीनुसार २०१९ मध्ये जगभरात जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात दगावलेल्या बाळांपैकी सुमारे ५ लाख मृत्यूंचा संबंध हवेच्या प्रदूषणाशी होता. त्यात घरातल्या धुराचा वाटा मोठा होता, आणि कमी वजन व अपुरे दिवस हीच मुख्य वाट होती.

प्रदूषण कमी झालं तर काय होतं, हे दाखवणारे अभ्यास मला जास्त बोलके वाटतात. २००८ च्या ऑलिंपिकसाठी बीजिंगमध्ये कारखाने आणि वाहनं यांवर कडक निर्बंध आले. ज्या बायकांचा आठवा महिना नेमका त्या काळात होता, त्यांची बाळं आदल्या आणि पुढच्या वर्षीच्या बाळांपेक्षा सरासरी २३ ग्रॅम जास्त वजनाची निघाली. अमेरिकेत टोलनाक्यांवर गाड्या न थांबवता पैसे वळते करण्याची पद्धत आली, नाक्यांवरची रांग आणि धूर कमी झाला. तेव्हा नाक्यापासून २ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आयांमध्ये अपुऱ्या दिवसांच्या प्रसूती जवळपास ११ टक्क्यांनी आणि कमी वजनाची बाळं जवळपास १२ टक्क्यांनी घटल्याचं २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. या बायकांनी स्वतः काहीच केलेलं नव्हतं.

२३ ग्रॅम हा आकडा फुटकळ वाटेल. तीन किलोच्या बाळाला त्याने काही होत नाही, हे खरंच. पण सरासरी सरकते तेव्हा सगळी रांगच थोडी सरकते, आणि जी बाळं आधीच काठावर असतात ती काठ ओलांडतात. बाळ जुळं असेल, आईला रक्तक्षय, दमा, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर खालची पथ्यं जास्त मनावर घ्यावीत ती यासाठी.

मेंदूच्या बाबतीत न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया विद्यापीठाच्या फ्रेडेरिका पेरेरा यांच्या गटाने गरोदर बायकांच्या पाठीवर हवा मोजणारी पिशवी दिली आणि पुढे त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. इंधन अर्धवट जळून तयार होणाऱ्या विशिष्ट रसायनांचं प्रमाण ज्यांच्या श्वासात जास्त होतं, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यांक पाचव्या वर्षी सरासरी ४ गुणांनी कमी भरला. याचा अर्थ ती मुलं ‘मंद’ झाली असा नाही. एकेका मुलात एवढा फरक कुणाच्या लक्षातही येणार नाही. घरातलं वाचन, बोलणं, माया, पोषण यांनी याहून जास्त फरक पडू शकतो.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती सहसा गाळली जाते. भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत सुमारे ३२०० गरोदर बायकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत निम्म्या घरांना चुलीऐवजी गॅस दिला. श्वासातले कण खूप घटले, पण २०२२ मध्ये निकाल आला तेव्हा बाळांच्या वजनात म्हणावा तसा फरक नव्हता. बायका ९ ते २० आठवड्यांच्या दरम्यान चाचणीत आल्या आणि गॅस त्यानंतर सुरू झाला, म्हणजे वार तयार होण्याचा मोलाचा काळ काही अंशी निघून गेलेला. हे एकच कारण असेल असं नाही. पण माझ्यापुरता धडा असा: मूल हवं असं ठरलं की त्याच दिवसापासून हवेचा विचार सुरू करावा, चाचणी दोन रेघा दाखवेपर्यंत थांबू नये.

कोणत्या आठवड्यांत काय घडत असतं

पहिल्या ८ आठवड्यांत हृदयाची आणि मज्जासंस्थेची मूळ बांधणी होते. बऱ्याचदा तोवर नीट कळलेलंही नसतं. फुप्फुसांच्या वाढीचं महत्त्वाचं काम मधल्या तिमाहीतही चालू असतं. बॉस्टनमधल्या एका अभ्यासात १६ ते २५ आठवड्यांदरम्यानच्या पीएम २.५ चा संबंध पुढे मुलग्यांमधल्या दम्याशी दिसला होता. शेवटच्या तिमाहीत बाळ वजन धरतं आणि मेंदू झपाट्याने वाढतो. थोडक्यात, सुरक्षित असा एकही टप्पा नाही. उशीर झाला म्हणून सोडून द्यावं असाही एकही टप्पा नाही. बीजिंगचा फरक आठव्या महिन्यातलाच होता.

पहिली पायरी: घरात काय काय जळतं याची यादी

एक दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत घरात कुठे कुठे आग, ठिणगी किंवा धूर आहे ते कागदावर लिहा. तंबाखू, चूल, शेगडी, रॉकेलचा दिवा, डासांची कॉइल, उदबत्ती, धूप, सुगंधी मेणबत्ती, अंगणात पेटवलेला कचरा. बंद खोलीतला लहानसा धूरसुद्धा रस्त्यावरच्या हवेपेक्षा कितीतरी दाट होऊ शकतो, कारण त्याला विरायला जागाच नसते.

तंबाखू यादीत सर्वांत वर. दुसऱ्याच्या धुराने बाळाचं वजन कमी होतं आणि जन्मानंतर झोपेत अचानक दगावण्याचा धोका वाढतो, याबद्दल वाद उरलेला नाही. ‘मी गॅलरीत ओढतो’ हे अर्धंच खरं असतं: धूर दारातून आत येतो आणि कपड्यांना, गादीला, पडद्यांना चिकटून राहतो. सोडणं जमत नसेल तर नियम साधे ठेवा. घरात नाही, गाडीत नाही, काच खाली करूनही नाही; ओढून आल्यावर वरचा कपडा बदलायचा, हात-तोंड धुवायचं. ई-सिगारेट हा पर्याय धरू नका. तिच्यातलं निकोटिन गर्भाच्या मेंदूला आणि फुप्फुसांना त्रासच देतं. हे सगळं गरोदर बाईनेच दर वेळी बोलून दाखवावं लागू नये. सासू, आई, मोठा दीर, ज्याचा शब्द घरात चालतो त्याने ते काम अंगावर घ्यावं.

स्वयंपाकाचं इंधन हा पुढचा मुद्दा. जगात २०० कोटींहून जास्त लोक आजही लाकूड, शेणी, कोळसा किंवा रॉकेलवर स्वयंपाक करतात. गॅस किंवा वीज परवडत आणि मिळत असेल तर बदल पूर्ण करा. अर्धा स्वयंपाक गॅसवर आणि पाणी तापवणं चुलीवर, असं केलं तर फायद्याचा मोठा भाग चुलीच्या धुरातच जातो. बदलणं शक्यच नसेल तर चूल उघड्यावर किंवा धुराड्याखाली, लाकूड पूर्ण वाळलेलं आणि बारीक फोडलेलं, भांड्यावर झाकण, कडधान्य आधी भिजवलेलं म्हणजे आच कमी वेळ लागते. फुंकणीने जाळ पेटवण्याचं काम या नऊ महिन्यांत दुसऱ्या कुणीतरी करावं.

गॅसवर किंवा विजेवर शिजवणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. तेल धुरावेपर्यंत तापवणं, तळण, फोडणी, करपणं यांतून भरपूर बारीक कण निघतात, आणि गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड. स्वयंपाकाची चिमणी किंवा एक्झॉस्ट फॅन शेगडी पेटवण्याआधी सुरू करा आणि विझवल्यानंतर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. चिमणीची हवा नळीवाटे घराबाहेर जाते की फिल्टरमधून फिरून पुन्हा खोलीतच येते, ते तपासा. दुसऱ्या प्रकारात तेलकटपणा अडतो, वायू अडत नाहीत.

डासांसाठी मच्छरदाणीला तोड नाही. डासांमुळे होणारे आजार गरोदरपणात जास्त घातक असतात, त्यामुळे कॉइल बंद करून डास चावू देणं हा काही उपाय झाला नाही. उदबत्ती आणि धूप ज्यांना लागतातच त्यांनी खिडकीजवळ, थोडा वेळ आणि गरोदर बाई दुसऱ्या खोलीत असताना लावावेत.

दुसरी पायरी: कार्बन मोनॉक्साइड वेगळा काढा

हे काम एकदाच करायचं आहे, आणि ते टाळू नये. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणं, हवा न खेळणाऱ्या न्हाणीघरात गॅस गिझर लावणं, घरात किंवा खिडकीजवळ जनरेटर चालवणं, बंद गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवणं, हे सगळं वर्ज्य. या वायूला रंग नाही, वास नाही. जिथे इंधन जळतं त्या घरात त्याचा अलार्म लावावा, तोही झोपण्याच्या जागेजवळ.

डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं ही लक्षणं गरोदरपणाची म्हणून सहज खपून जातात. घरात एकाच वेळी आणखी कुणाला तसंच होत असेल, किंवा घराबाहेर पडल्यावर बरं वाटत असेल, तर ताबडतोब सगळ्यांनी मोकळ्या हवेत जाऊन दवाखाना गाठा आणि ‘मी गरोदर आहे, कार्बन मोनॉक्साइडची शंका आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे फसवतं. त्याला प्राणवायूने भरलेलं आणि या वायूने भरलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही, त्यामुळे आकडा छान दिसतो. रक्ताची तपासणी लागते, आणि बाळासाठी प्राणवायू जास्त वेळ द्यावा लागू शकतो.

तिसरी पायरी: आकडा वाचायला शिका

मोबाइलवर दिसणारा हवेचा निर्देशांक म्हणजे एक्यूआय प्रत्येक देशात वेगळ्या पट्टीने काढतात. एका ॲपमध्ये ‘मध्यम’ दिसणारी हवा दुसऱ्यात ‘अपायकारक’ दिसते ती यामुळे. म्हणून रंग आणि शब्द बाजूला ठेवून पीएम २.५ चं मूळ प्रमाण बघायची सवय लावा: मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मर्यादा खाली आणल्या. त्यानुसार वर्षाची सरासरी ५ च्या आत आणि २४ तासांची सरासरी १५ च्या आत असावी. जगातले जवळपास सगळेच लोक यापेक्षा वाईट हवेत राहतात, त्यामुळे हे आकडे पाहून घाबरून जायचं कारण नाही. त्यांचा उपयोग तुलनेला: आज कालपेक्षा वाईट आहे का, सकाळी जास्त आहे की दुपारी, घरात जास्त की बाहेर.

घरात ठेवायचं छोटं मोजयंत्र उपयोगी पडतं, पण त्याच्या मर्यादा ओळखून. ते कणांवर प्रकाश टाकून अंदाज बांधतं. हवा फार दमट असेल तर आकडा फुगतो, आणि कार्बन मोनॉक्साइडसारखे वायू त्याला कळत नाहीत. त्याचा खरा फायदा वेगळाच आहे. फोडणी दिली, कुणी कॉइल लावली, रस्त्याकडची खिडकी उघडली की आकडा कसा उसळतो ते घरातल्या सगळ्यांना दिसतं, आणि मग समजावत बसावं लागत नाही. आठवडाभर उसनं मिळालं तरी पुरतं.

चौथी पायरी: झोपायची खोली

अख्खं घर स्वच्छ ठेवायचा हट्ट सोडा. दिवसातले आठ-नऊ तास जिथे जातात ती एक खोली नीट करा. शक्य असेल तर रस्त्याच्या विरुद्ध बाजूची निवडा. झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा, खोलीत सुगंधी फवारे नकोत.

खिडकी उघडी ठेवायची की बंद, याला एकच उत्तर नाही. घरात काही शिजत किंवा जळत असेल तर उघडा. बाहेर धूर, धुकं किंवा रहदारीची वेळ असेल तर बंद ठेवा, आणि बाहेरचा आकडा उतरला की पुन्हा उघडा. थंडीत रात्री आणि पहाटे थंड हवा जमिनीलगत अडकते व प्रदूषण खाली साचतं, म्हणून तेव्हा दुपारी हवा खेळवणं बरं. कडक उन्हाळ्यात उलट: ओझोन दुपारनंतर चढतो, मग सकाळ बरी.

एअर प्युरिफायर घेणार असाल तर तीन गोष्टी बघा. एक, हेपा फिल्टर, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणारा दाट फिल्टर. दोन, आयन किंवा ओझोन सोडणारा नको. ओझोन स्वतःच फुप्फुसांना झोंबतो. तीन, सीएडीआर हा आकडा, म्हणजे यंत्र तासाला किती हवा शुद्ध करून देतं. खोलीची हवा तासाला साधारण ५ वेळा गाळली जावी. हिशेब असा: खोली १२ चौरस मीटर, उंची २.८ मीटर, तर घनफळ सुमारे ३४ घनमीटर. त्याला ५ ने गुणा, म्हणजे तासाला १७० घनमीटर. हा आकडा यंत्राच्या मधल्या वेगावर मिळायला हवा, कारण सर्वांत वरच्या वेगाच्या आवाजात कुणी झोपत नाही आणि लोक रात्री यंत्र मंद करून टाकतात. दार-खिडक्या बंद ठेवा, यंत्र भिंतीला चिकटवू नका, फिल्टर वेळेवर बदला. वायूंवर याचा भरवसा धरू नका.

याने बाळाला खरंच फायदा होतो का? मंगोलियाची राजधानी उलानबातर हिवाळ्यात कोळशाच्या धुराने भरून जाते. तिथे ५४० गरोदर बायकांपैकी निम्म्यांना हेपा यंत्रं दिली. घरातलं पीएम २.५ सरासरी २९ टक्क्यांनी घटलं. मुलं चार वर्षांची झाल्यावर यंत्र मिळालेल्या गटाचा बुद्ध्यांक सरासरी २.८ गुणांनी जास्त भरला, मात्र या आकड्याची अनिश्चितता शून्याला टेकणारी आहे, म्हणजे हा फरक निव्वळ योगायोगही असू शकतो. माझं मत: पैसे असतील आणि घरातली आग आधी विझवून झाली असेल तर घ्यावा. कर्ज काढून घेऊ नये.

पाचवी पायरी: बाहेर पडताना

व्यायाम सोडू नका. चालण्याचे फायदे ठरलेले आहेत. फक्त वेळ आणि वाट बदला. मोठ्या रस्त्याचं प्रदूषण काठावर सर्वांत दाट असतं आणि दोन-तीनशे मीटरांत बरंच उतरतं, म्हणून आतली गल्ली घेतली तरी फरक पडतो. सिग्नलला अगदी पुढे, गाड्यांच्या धुराड्यांशेजारी उभं राहू नका. गाडीत असाल तर कोंडीत काचा बंद करून हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण लावा, आणि मोकळा रस्ता आला की थोडा वेळ बाहेरची हवा घ्या, नाहीतर आत श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साचून गुंगी येते.

कापडी रुमाल किंवा पदर नाकाला लावून बारीक कण अडत नाहीत. एन९५ मास्क ०.३ मायक्रॉनचे निदान ९५ टक्के कण अडवतो, पण तो चेहऱ्याला सर्व बाजूंनी घट्ट बसला तरच. कडेने हवा शिरली तर आकड्याला अर्थ नाही. वायू त्यातून येतातच. गरोदरपणात थोडा वेळ, कमी श्रमाच्या कामात तो बहुतेकींना सोसतो. धाप किंवा गरगर वाटली तर आडोशाला जाऊन काढा. तो लावून चढ चढणं किंवा ओझं उचलणं नको. हवा फारच वाईट असेल त्या दिवशी मास्क लावून फिरायला जाण्यापेक्षा घरातच हातपाय हलवावेत.

कामाच्या जागेबद्दल मात्र स्वतःची काळजी स्वतः घ्या म्हणून भागत नाही. वेल्डिंग, रंग, द्रावकं, कापडाची किंवा सिमेंटची धूळ, भट्टी, रहदारीतलं उभं काम, भूल देणारे वायू, यांपैकी काही असेल तर प्रसूतितज्ज्ञांकडून लेखी सल्ला घेऊन कामाची जागा किंवा पाळी बदलून मागा. पहिल्या तिमाहीत बातमी लपवायची रीत असली तरी इथे लवकर सांगण्यात बाळाचा फायदा आहे.

सहावी पायरी: बाळाच्या खोलीचा रंग

बाळ येणार म्हणून घर रंगवण्याचा उत्साह गरोदरपणातच येतो. जुन्या घरातल्या रंगात शिसं असू शकतं, आणि तो घासताना, खरवडताना उडणारी धूळ मेंदूच्या वाढीला घातक आहे. शिशाची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही. जुना रंग घासायचा असेल तर गरोदर बाईने आणि लहान मुलांनी काम संपून ओली सफाई होईपर्यंत त्या घरात राहूच नये. नव्या रंगाचा आणि नव्या लाकडी फर्निचरचा उग्र वासही रसायनांचाच असतो. काम प्रसूतीच्या बरंच आधी उरका आणि खिडक्या उघड्या ठेवून खोली वापराविना राहू द्या.

सातवी पायरी: डॉक्टरांशी काय बोलायचं

घरात कोणतं इंधन आहे, कोण तंबाखू ओढतं, घर मोठ्या रस्त्याजवळ आहे का, काम काय, हे डॉक्टर विचारत नसतील तर आपणहून सांगा. दमा असेल तर इन्हेलर मनाने बंद करू नका. ‘औषध नको बाळासाठी’ या भीतीने तो सोडला जातो, आणि झटका आला की बाळाचा प्राणवायू आईच्याही आधी कमी पडतो.

प्रदूषणावर उतारा म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या आणि काढे घेऊ नका. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत गरोदर बायकांना जीवनसत्त्व क आणि ई मोठ्या मात्रेत दिलं होतं. रक्तदाबाचा विकार टळला नाहीच, उलट कमी वजनाची बाळं जास्त आढळली. फॉलिक ॲसिड, लोह, कॅल्शियम हे डॉक्टरांनी दिलेल्या मात्रेत नियमित घ्या. रक्तक्षय भरून निघाला तर प्राणवायू वाहून नेण्याची ताकद वाढते, आणि ती कोणत्याही काढ्यापेक्षा मोलाची.

बाळाची हालचाल मंदावणं, डोकं सणसणून दुखणं किंवा डोळ्यांपुढे अंधारी-ठिपके, चेहऱ्यावर अचानक सूज, ३७ आठवड्यांआधी नियमित कळा, रक्त किंवा पाणी जाणं, श्वास लागून बोलता न येणं, यांपैकी काहीही झालं तर कारण हवा आहे की आणखी काही, याचा विचार करत थांबू नका. लगेच दवाखान्यात जा.

जन्मानंतर

नवजात बाळ मिनिटाला ३० ते ६० श्वास घेतं, आणि वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त हवा आत घेतं. वायुकोशांची संख्या जन्मानंतरही काही वर्षं वाढत राहते. म्हणून घरातले धुराचे नियम प्रसूतीनंतर सैल करू नका, उलट पाहुण्यांनाही लागू करा. स्वयंपाक चालू असताना बाळाला कडेवर घेऊन शेगडीपाशी उभं राहू नका. अंगावरचं दूध पाजत राहा. हवा वाईट आहे म्हणून ते थांबवण्याचं कारण नाही, बाळाला संसर्गाशी लढायचं बळ त्यातूनच मिळतं.

दोन वर्षांखालच्या मुलाला मास्क कधीही लावू नये, गुदमरण्याचा धोका असतो. बाबागाडी गाड्यांच्या धुराड्यांच्या उंचीवर येते, त्यामुळे वर्दळीच्या रस्त्याने जाताना बाळाला कडेवर किंवा झोळीत उंच घेणं बरं. बाबागाडीवर दुलई झाकू नका. आत उष्णता साचते.

वाढ बघताना वजन, उंची आणि डोक्याचा घेर दर भेटीला तक्त्यावर मांडून घ्या. एकदा काढलेल्या आकड्यापेक्षा रेघ कोणत्या दिशेला चालली आहे ते महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत निरोगी मुलं आधाराशिवाय बसायला साधारण ४ ते ९ महिन्यांत आणि एकटी चालायला ८ ते १८ महिन्यांत शिकली, म्हणजे शेजारच्या बाळाशी तुलना करून काळजीत पडण्याआधी हा पट्टा केवढा रुंद आहे ते बघा. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर वय मोजताना जन्मतारखेऐवजी अपेक्षित तारीख धरा: ३२ आठवड्यांना जन्मलेलं सहा महिन्यांचं बाळ वाढीच्या हिशेबाने साधारण चार महिन्यांचं असतं. आवाजाकडे न वळणं, नजर न मिळवणं, शरीराची एकच बाजू वापरणं, आधी येत असलेली गोष्ट येईनाशी होणं, छातीतून वारंवार घरघर, दूध ओढताना धाप, हे दिसलं तर पुढच्या लसीच्या तारखेची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जाताना बाळाच्या जन्माच्या वजनाची आणि आठवड्यांची नोंद असलेला कागद बरोबर ठेवा, आणि गरोदरपणात घरात किती आणि कसला धूर होता तेही न विचारता सांगा.